शामोनी : हरवलेलं उशिरा परत देणारं गाव



आज जरा ॲटलास घेऊनच बसा. युरोपचं पान काढा. फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटली हे तीन देश जिथे एकमेकांना खेटून आहेत, तिथे बोट ठेवा. तपकिरी रंगाचा एक वाकडा पट्टा दिसला ना? हाच आल्प्स पर्वत. त्या पट्ट्यात, फ्रान्सच्या बाजूला, एका अरुंद दरीत आज आपल्याला जायचं आहे. गावाचं नाव शामोनी.

गाव तसं लहानच. कायम राहणारी माणसं जेमतेम नऊ हजारांच्या आसपास. गावातून आर्व्ह नावाची नदी वाहते. तिचं पाणी दुधात राख कालवल्यासारखं दिसतं, कारण वरच्या बर्फाने घासून काढलेल्या दगडांची पूड त्यात मिसळलेली असते. गाव समुद्रसपाटीपासून साधारण १,०३५ मीटरवर आहे, आणि त्याच्या डोक्यावर आहे आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर, माँ ब्लां. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ ‘पांढरा डोंगर’. म्हणजे आपल्या भाषेत धवलगिरीच की!

या शिखराची उंची किती? इथे एक गंमत आहे. माथ्यावर बर्फाची जाड टोपी असल्यामुळे उंची कमीजास्त होते, म्हणून दर दोन वर्षांनी ती नव्याने मोजतात. २०२१ साली ती ४,८०७.८१ मीटर भरली आणि २०२३ साली ४,८०५.५९ मीटर. दोन वर्षांत डोंगर दोन मीटरहून जास्त ‘बुटका’ झाला! आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी माँ ब्लां वरच राहील.

पण आज मी तुम्हाला उंचीची गोष्ट सांगणार नाही. या गावात एक वेगळीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली आहे. इथे हरवलेलं परत मिळतं. उशिरा मिळतं, कधी चाळीस वर्षांनी, कधी शंभर वर्षांनी, पण मिळतं. कसं ते बघू या.

शापित डोंगर

पूर्वी या गावात येणार कोण? शेती थोडी, थंडी फार. लोक राय नावाचं धान्य पिकवायचे, गाई-शेळ्या राखायचे, डोंगरात जाऊन शॅमॉय नावाच्या रानशेळीसारख्या जनावराची शिकार करायचे आणि कड्याकपारींतून चमकदार स्फटिक शोधून विकायचे. आज ज्या शिखरांचे फोटो कॅलेंडरवर छापतात, त्यांना तेव्हा लोक ‘शापित डोंगर’ म्हणत.

उगीच म्हणत नसत हं. सतराव्या शतकात हवा फार थंड झाली होती. डोंगरावरच्या हिमनद्या फुगल्या आणि हळूहळू दरीत उतरू लागल्या. शेतं गेली, घरं गेली, काही वाड्यांची नावनिशाणी उरली नाही. विचार करा, आपल्या अंगणाच्या दिशेने दरवर्षी थोडी थोडी सरकणारी बर्फाची भिंत! शेवटी १६४४ साली जिनिव्हाच्या बिशपांना बोलावणं गेलं. सुमारे तीनशे माणसांची मिरवणूक हिमनदीच्या तोंडाशी गेली आणि ‘बाई गं, आता मागे फिर’ अशी प्रार्थना केली गेली.

बर्फ मागे जावा म्हणून प्रार्थना करणारं गाव. हे लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला याची आठवण लागणार आहे.

बक्षीस आणि पहिली चढाई

१७४१ साली विंडहॅम आणि पोकॉक नावाचे दोन इंग्रज तरुण सोबत्यांना घेऊन इथे आले. वाटेत काय भेटेल कोण जाणे, म्हणून बरोबर हत्यारं होती! भेटले ते साधे, आतिथ्यशील शेतकरी. या पाहुण्यांनी वर जाऊन मोठी हिमनदी पाहिली. वादळात उसळलेलं पाणी एकाएकी गोठावं, तशी ती त्यांना दिसली. तिचं नाव पडलं ‘मेर द ग्लास’, म्हणजे बर्फाचा समुद्र. आजही तेच नाव आहे.

मग १७६० साली जिनिव्हाहून वीस वर्षांचा एक अभ्यासू तरुण आला, ओरास बेनेदिक्त द सोस्यूर. माँ ब्लां बघून तो वेडाच झाला. वर जाण्याची वाट जो शोधेल त्याला बक्षीस देईन, असं त्याने जाहीर केलं. तरी पुढची सव्वीस वर्षं कुणालाही ते जमलं नाही. बर्फावर एक रात्र काढली तर माणूस जिवंत राहत नाही, असा लोकांचा पक्का समज होता. हा समज खोटा ठरवला स्फटिक शोधणाऱ्या जाक बाल्मा याने. १७८६ च्या जून महिन्यात त्याला डोंगरावर बर्फात एकट्याला रात्र काढावी लागली आणि सकाळी तो चालत गावात परत आला!

गावातच मिशेल-गाब्रिएल पाकार हे डॉक्टर होते. वय एकोणतीस. शिखराची वाट ते कित्येक दिवस दुर्बिणीतून अभ्यासत होते. बाल्मा आणि डॉक्टर पाकार दोघे मिळून निघाले. ना दोर, ना बर्फाची कुऱ्हाड. हातात लांब काठ्या आणि डॉक्टरांचा हवेचा दाब मोजायचा बॅरोमीटर. ८ ऑगस्ट १७८६ रोजी संध्याकाळी ६ वाजून २३ मिनिटांनी दोघे माथ्यावर पोहोचले. उतरताना बर्फाच्या झगझगाटाने डॉक्टरांचे डोळे जवळजवळ मिटले होते.

पुढच्याच वर्षी, १७८७ साली, सोस्यूर अठरा वाटाड्यांना घेऊन स्वतः वर गेले. तिथे त्यांनी पाणी उकळून ते किती उष्णतेला उकळतं ते मोजलं. आकाश किती निळं आहे तेसुद्धा मोजलं! त्यासाठी निळ्या रंगाच्या कमीजास्त छटांच्या पट्ट्या त्यांनी बरोबर नेल्या होत्या.

डॉक्टरांचं हरवलेलं नाव

आता ऐका पहिल्या हरवण्याची गोष्ट. चढाई दोघांनी केली, पण नाव झालं एकाचंच. बूरी नावाच्या एका लेखकाने लिहिलं की खरा पराक्रम बाल्माचाच, डॉक्टर तर मागून रखडत आले. डॉक्टर पाकार स्वतः पुस्तक लिहिणार होते, त्याची जाहिरातही झाली होती, पण ते पुस्तक काही बाहेर आलं नाही. पुढे म्हाताऱ्या बाल्माने प्रसिद्ध कादंबरीकार अलेक्झांडर द्युमा यांना आपली हकिकत सांगितली, तीही रंगवून. झालं! शंभर वर्षं लोकांनी तेच खरं मानलं. १८८७ साली गावात पुतळा उभारला, त्यातही बाल्मा सोस्यूरना शिखर दाखवतो आहे. डॉक्टर कुठेच नाहीत.

पण त्या दिवशी गावात एक जर्मन पाहुणा दुर्बीण लावून बसला होता. त्याचं नाव फॉन गेर्सडॉर्फ. दोन ठिपके बर्फावर कसे वर सरकत होते, किती वाजता कुठे होते, हे त्याने आपल्या वहीत टिपून ठेवलं होतं, चित्रही काढलं होतं. ही वही शतकभराने अभ्यासकांच्या हाती लागली. तिच्यातून दिसलं की दोघेही आळीपाळीने पुढे होते. डॉक्टर मागे रखडले नव्हते! अखेर १९८६ साली, चढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा, शामोनीत डॉक्टर पाकार यांचाही पुतळा बसला.

मुलांनो, डोळ्यांनी बघितलेलं त्याच दिवशी वहीत लिहून ठेवण्याचं महत्त्व मी वर्गात नेहमी सांगते. त्या जर्मन पाहुण्याने कुणाची बाजू घेतली नव्हती. त्याने फक्त दिसलं ते लिहिलं, वेळेसकट. तेवढ्यानेच डॉक्टरांना न्याय मिळाला.

एकेचाळीस वर्षांचा प्रवास

दुसरी गोष्ट १८२० सालची. एक रशियन डॉक्टर, हामेल, वाटाड्यांना घेऊन शिखराकडे निघाले. हवा आधीच बिघडलेली होती. वरून बर्फाचा लोंढा आला आणि तीन वाटाडे एका खोल भेगेत गाडले गेले. त्यांचा पत्ता लागला नाही.

गावावर दुःखाचा डोंगर कोसळला. पण गाव नुसतं रडत बसलं नाही. पुढच्याच वर्षी, १८२१ साली, वाटाड्यांनी आपली संघटना उभी केली. नियम ठरले. काम पाळीपाळीने प्रत्येकाला मिळेल. जे पैसे येतील त्यातला काही भाग बाजूला ठेवायचा. कुणी जखमी झाला, कुणी गेला, तर त्या घराला त्यातून मदत. डोंगरवाटाड्यांची ही जगातली सर्वांत जुनी संघटना आजही काम करते आहे. दर वर्षी १५ ऑगस्टला शामोनीत वाटाड्यांचा सण असतो. गेलेल्यांची आठवण काढतात, दोर आणि कुऱ्हाडी यांची पूजा म्हणावी तसा विधी करतात. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात ना, तसंच काहीसं!

आणि त्या तिघांचं काय झालं? जेम्स फोर्ब्ज नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८४२ साली मेर द ग्लासवर मुक्काम करून मोजमापं घेतली. त्याने दाखवून दिलं की हिमनदी खरंच नदीसारखी वाहते. वरचा बर्फ आपल्याच वजनाने खाली सरकतो आणि नदीप्रमाणेच काठापेक्षा मधला प्रवाह जास्त वेगाने जातो. हिशेब करून त्याने सांगितलं, भेगेत पडलेले ते तिघे साधारण चाळीस वर्षांनी हिमनदीच्या खालच्या टोकाशी निघतील.

१८६१ साली, म्हणजे बरोबर एकेचाळीस वर्षांनी, बोसाँ हिमनदीच्या खालच्या भागात कपड्यांचे तुकडे, दोर आणि अवशेष वर येऊ लागले. त्या दिवशी वाचलेल्यांपैकी एक वाटाड्या तोपर्यंत म्हातारा झाला होता. त्याने आपल्या सोबत्यांना ओळखलं. आपण म्हातारे झालो आणि आपले मित्र मात्र तरुणच राहिले, हे बघून त्याला काय वाटलं असेल?

घरी करून बघा

हिमनदी कशी वाहते ते बघायचं आहे? पुठ्ठ्याची एक पन्हळ करा, आत प्लॅस्टिकचा कागद पसरा. तिच्यात घट्ट काकवी किंवा मध ओता. आता या काठापासून त्या काठापर्यंत तिळाच्या दाण्यांची सरळ रेघ मांडा आणि पन्हळीचं एक टोक थोडं उचला. थोड्या वेळाने रेघ सरळ राहणार नाही, मधोमध पुढे झुकून धनुष्यासारखी होईल. फोर्ब्जने बर्फावर खुणा रोवून जे पाहिलं, ते हेच. (प्रयोग झाल्यावर काकवीचं काय करायचं ते आईला विचारून ठरवा!)

मुंबईहून निघालेली दोन विमानं

आता तिसरी गोष्ट, आणि ती थेट आपल्याशी जोडलेली आहे.

३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनकडे जाताना माँ ब्लांच्या माथ्याजवळ आदळलं. आतले ४८ जण गेले. त्यांत बरेच जण बोटीवर काम करायला निघालेले खलाशी होते. शामोनीचे लोक तुफान थंडीत त्यांना शोधायला वर निघाले. या शोधात रने पायो या वाटाड्याचा जीव गेला. ज्यांना कधी पाहिलंही नाही, अशा परदेशी माणसांसाठी!

पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, जवळजवळ त्याच जागी एअर इंडियाचंच ‘कांचनगंगा’ हे बोइंग ७०७ विमान कोसळलं. तेही मुंबईहून निघून दिल्ली, बैरूत करत जिनिव्हाला उतरणार होतं. ११७ जण गेले. त्यांत होते डॉ. होमी भाभा. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र उभारणारे थोर शास्त्रज्ञ. व्हिएन्नाच्या बैठकीला निघाले होते. पुढच्याच वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं. तेच आजचं भाभा अणुसंशोधन केंद्र.

मग बर्फाने आपलं काम सुरू केलं. २०१२ साली हिमनदीत टपालाची एक थैली सापडली. तिच्यावर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचं नाव होतं. २०१३ साली एका तरुण गिर्यारोहकाला एक डबी सापडली. आत पाचू, माणिक आणि नीलम! त्याने काय केलं असेल? सरळ पोलिसांकडे नेऊन दिली. मालकाचा शोध घेण्यात आला. तो न लागल्यामुळे २०२१ साली त्या रत्नांचे दोन भाग झाले. एक त्या गिर्यारोहकाला मिळाला, एक शामोनी गावाला. गावाने आपला भाग विकला नाही, तो स्फटिकांच्या संग्रहालयात ठेवला.

आणि २०२० साली बोसाँ हिमनदीजवळ उपाहारगृह चालवणाऱ्या एका माणसाला बर्फात भिजलेली भारतीय वर्तमानपत्रं सापडली. त्याने ती हलक्या हाताने वाळवली. अक्षरं अजून वाचता येत होती. त्यात बातमी होती, इंदिरा गांधी भारताच्या पहिल्या महिला पंतप्रधान होणार! ज्या दिवशी विमान पडलं, त्याच दिवशी दिल्लीत त्यांचा शपथविधी झाला. ती ताजी बातमी चोपन्न वर्षं बर्फात पडून होती.

पन्नास वर्षांनी पदक

खेळाच्या मैदानावरही शामोनीत उशिराचा न्याय झाला. १९२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत इथे हिवाळी खेळांचा सप्ताह भरला. पुढे त्यालाच पहिलं हिवाळी ऑलिंपिक मानलं गेलं. त्यात नॉर्वेची सोन्या हेनी ही अकरा वर्षांची मुलगी बर्फावरच्या स्केटिंगला उतरली होती. आली शेवटची! पण १९२८, १९३२ आणि १९३६ अशी सलग तीन सुवर्णपदकं पुढे तिनेच जिंकली. शेवटचा नंबर आला म्हणून रुसून बसणाऱ्यांनी हे नाव वहीत लिहून ठेवावं.

स्कीवरून लांब उडी मारण्याच्या स्पर्धेत अमेरिकेचा अँडर्स हॉगन चौथा ठरला होता. खरं म्हणजे गुणांच्या बेरजेत चूक झाली होती, तिसरा तोच होता. ही चूक सापडली पन्नास वर्षांनी. १९७४ साली, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, हॉगनना ते कांस्यपदक मिळालं. दिलं कुणी? ज्याला ते चुकून गेलं होतं, त्या नॉर्वेच्या खेळाडूच्या मुलीने. गणिताच्या पेपरात बेरीज पुन्हा तपासा, असं बाई का सांगतात ते कळलं ना?

चला, फिरून येऊ

आज शामोनीत गेलात तर काय बघाल? एक तर ‘एग्वी द्यू मिदी’चा पाळणा. तारेवरून लोंबकळत जाणारा हा डबा १९५५ साली सुरू झाला. दोन टप्प्यांत तो गावातून थेट ३,७७७ मीटरवरच्या स्थानकात नेतो. वर काचेची एक खोली आहे, तिची जमीनसुद्धा काचेची. पायाखाली हजार मीटर खोल दरी! ज्यांना गच्चीच्या कठड्याशी उभं राहवत नाही, त्यांनी बाहेरूनच बघावं.

दुसरी, मोंताव्हेरची लाल रंगाची छोटी आगगाडी. १९०९ पासून ती प्रवाशांना मेर द ग्लासपर्यंत नेते. चढ इतका उभा की रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी बसवली आहे, इंजिनाचं दातेरी चाक तिला पकडत पकडत वर चढतं. वर पोहोचलात की खाली हिमनदी. तिच्यात दर वर्षी नव्याने बर्फाची गुहा कोरतात. भिंती निळ्या, छत निळं.

दर वर्षी नव्याने का? कारण नदी वाहते, गुहा वाकडी होते. पण आणखीही एक कारण आहे.

जे परत येत नाही

१९८८ साली गुहेकडे उतरायला पाळणा बसवला, तेव्हा तो बर्फाच्या अगदी जवळ पोहोचत होता. मग बर्फाची पातळी खाली गेली. म्हणून पायऱ्या केल्या. बर्फ आणखी खाली गेला. आणखी पायऱ्या. असं करता करता पायऱ्या पाचशेच्या वर गेल्या! वाटेत खडकावर पाट्या लावल्या आहेत. अमुक साली बर्फ इथपर्यंत होता. उतरता उतरता आपण एकेक वर्ष खाली जातो. शेवटी २०२४ च्या फेब्रुवारीत, हिमनदीच्या वरच्या अंगाला नवा पाळणा सुरू करावा लागला. १८५० पासून मेर द ग्लासचं टोक दोन किलोमीटरहून जास्त मागे गेलं आहे.

हिमनदीचा हिशेब घरच्या हिशेबासारखाच असतो. हिवाळ्यात पडलेलं हिम ही जमा, उन्हाळ्यात वितळलेला बर्फ हा खर्च. आपण जाळलेला कोळसा, पेट्रोल, डिझेल यांच्या धुरातल्या वायूंनी पृथ्वी तापते आहे. त्यामुळे खर्च वाढला आणि जमा कमी पडू लागली. शिलकीतला जुना बर्फ वितळतो आहे, म्हणूनच इतक्या वर्षांपूर्वीच्या वस्तू भराभर वर येत आहेत. जी वर्तमानपत्रं सापडली म्हणून आपल्याला आनंद झाला, ती त्याच वितळण्यामुळे सापडली.

आठवा, याच गावाने १६४४ साली बर्फ मागे जा म्हणून प्रार्थना केली होती. आज तिथल्या मुलांना पाटीवर बोट ठेवून आजोबा सांगतात, ‘मी तुझ्याएवढा होतो तेव्हा बर्फ इथे होता.’

डॉक्टरांचं नाव परत आलं, कारण कुणीतरी वहीत लिहिलं होतं. पदक परत आलं, कारण कुणीतरी बेरीज पुन्हा केली. रत्नं परत आली, कारण एक मुलगा प्रामाणिक होता. हे सगळं माणसांनी केलं. गेलेला बर्फ मात्र कुणाच्या वहीत ठेवता येत नाही, एका हिवाळ्यात तो परतही येत नाही. उरलेला किती टिकेल, हे मात्र माणसांच्याच हातात आहे.

पालकांनो, या आठवड्यात मुलांबरोबर एक काम करा. घराजवळची विहीर, ओढा किंवा तळं निवडा. आज पाणी कुठपर्यंत आहे ते मोजून वहीत लिहा, तारीख आणि वेळ घाला. दर महिन्याला एकदा, न चुकता. चित्र काढलंत तर उत्तमच. वही जपून ठेवा. कुणी सांगावं, कधीतरी कुणाला तिचीच गरज पडेल.

आणि मुलांनो, काकवीचा प्रयोग जमला की नाही ते नक्की कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच, नव्या गावी!

तुमच्या,
बाई